नोंदीचे मौन : न मिळालेले पदक आणि लष्करी दप्तराची दुरुस्ती

१. प्रश्नाचे स्वरूप

लेखी नोंद म्हणजे घडलेल्या गोष्टीची साक्ष, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गोष्ट आधी घडते, नोंद मागाहून होते; आणि नोंद चुकलीच तर ती घडलेल्या गोष्टीशी ताडून सुधारावयाची, एवढाच ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थ आपण करतो. परंतु घडलेली गोष्ट जेथे कोणाच्याही डोळ्यांपुढे उरलेली नाही आणि केवळ कागदच उरला आहे, तेथे हे ताडून पाहणे कशाच्या आधारे व्हावयाचे? त्याहून अवघड प्रश्न असा की, कागदावर काही चुकीचे लिहिलेले नसून मुळी काहीच लिहिलेले नसेल, तर त्या न लिहिण्याचा अर्थ कोणी व कसा लावावयाचा?

सातबाराच्या उताऱ्यावरून किंवा सेवापुस्तकातील जन्मतारखेवरून झालेले तंटे ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना या प्रश्नाची धार सांगावयास नको. प्रस्तुत लेखात मात्र त्याचा विचार एका निराळ्या क्षेत्राच्या आधारे करावयाचा आहे. अमेरिकेच्या सैन्यातून निवृत्त झालेला एखादा सैनिक, आपणांस एक पदक मिळावयास हवे होते परंतु ते मिळाले नाही व त्याची नोंदही झालेली नाही, अशी तक्रार घेऊन शासनाकडे जातो. तेथे त्याच्या अर्जाचे काय होते, कोणते कागद मागितले जातात आणि कोणत्या तर्काने निर्णय दिला जातो, हे पाहावयाचे आहे. हे क्षेत्र निवडण्याचे कारण असे की, येथे दप्तराचे मौन हाच वादाचा विषय असतो. शिवाय त्या मौनाचे निरनिराळे प्रकार या एकाच व्यवहारात स्पष्टपणे वेगळे करून दाखविता येतात.

२. शिफारस, आदेश आणि नोंद

पदक ही वस्तू सैनिकाच्या छातीवर दिसते खरी, परंतु दप्तराच्या दृष्टीने ती तीन वेगवेगळ्या लेखांची परिणती असते. पहिला लेख शिफारशीचा. वरिष्ठ अधिकारी किंवा प्रसंग पाहणारा कोणी अमुक सैनिकाने अमुक दिवशी अमुक कृत्य केले असे लिहून वर पाठवितो. दुसरा लेख आदेशाचा. अधिकारप्राप्त सेनानी त्या शिफारशीवरून पदक प्रदान करीत असल्याचा क्रमांकित आदेश काढतो. तिसरा लेख नोंदीचा. तो आदेश सैनिकाच्या सेवापत्रकात, व सेवामुक्तीच्या वेळी सेवामुक्तिपत्रात, उतरविला जातो.

या तिन्ही लेखांची भाषिक जात एक नाही. जॉन ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वर्णन करणारी वाक्ये आणि उच्चाराबरोबरच कृती घडवून आणणारी वाक्ये असा भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. शिफारस हे वर्णन आहे; ते खरे किंवा खोटे असू शकते. आदेश हे वर्णन नव्हे, ती कृती आहे. ‘पदक प्रदान करण्यात येत आहे’ या वाक्यानेच पदक प्रदान होते. नोंद पुन्हा वर्णन आहे, परंतु ते वर्णन रणांगणावरील घटनेचे नसून आदेशाचे आहे. म्हणजे नोंद ही मूळ प्रसंगापासून दोन पायऱ्या दूर असते. आणि असे असूनही, पन्नास वर्षांनंतर प्रसंगाविषयी विचारणा झाली की प्रथम पाहिली जाते ती नोंदच.

‘पदक मिळाले नाही’ या एकाच तक्रारीत म्हणून निरनिराळ्या स्थिती दडलेल्या असतात. आदेश निघाला परंतु तो सेवामुक्तिपत्रात उतरला नाही, ही पहिली स्थिती. येथे चूक केवळ लेखनिकाची असते. आदेशाची प्रत सापडली की मूळ पत्राला दुरुस्तिपत्र जोडले जाते व पदक पाठविले जाते. १९५० सालापासून अमेरिकेच्या सर्व सेनादलांत प्रचारात असलेल्या सेवामुक्तिपत्रास ‘डीडी २१४’ व त्याच्या दुरुस्तिपत्रास ‘डीडी २१५’ म्हणतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, अशा दुरुस्तीत मूळ पत्र खोडले जात नाही. चुकीचा लेख तसाच राहतो व त्याला दुसरा लेख जोडला जातो. आपल्याकडील फेरफाराच्या नोंदीशी या पद्धतीचे साम्य आहे.

दुसरी स्थिती अशी की, विशिष्ट काळी विशिष्ट ठिकाणी सेवा केली एवढ्यानेच नियमानुसार हक्क निर्माण होतो, स्वतंत्र शिफारशीची गरज नसते. बहुतेक मोहीमपदके या वर्गात मोडतात. तेथे सेवेची तारीख व तुकडी सिद्ध झाली की पुरे. तिसऱ्या स्थितीत शिफारस झालीच नाही, किंवा झाली पण वाटेत हरवली, असे घडलेले असते. हिला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे, कारण दुरुस्त करावयास आदेशच अस्तित्वात नसतो. मागणी असते ती नव्या आदेशाची. अशा विलंबित शिफारशींकरिता १९९६ साली कायद्यात स्वतंत्र तरतूद झाली. तिच्यान्वये काँग्रेसच्या म्हणजे अमेरिकेच्या विधिमंडळाच्या एखाद्या सभासदामार्फत प्रकरण सादर केल्यास मुदत टळून गेली असली तरी त्याचा गुणदोषांवर विचार करावा लागतो.

३. नोंद बरोबर, तरी अपुरी

नोंद करताना ती अचूक असावी आणि पुढे नियम बदलल्यामुळे ती अपुरी ठरावी, असाही प्रकार घडतो. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘ब्रॉन्झ स्टार’ या पदकाचे आहे. हे पदक फेब्रुवारी १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने स्थापन झाले. त्यापूर्वी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, प्रत्यक्ष लढाईत भाग घेतलेल्या पायदळातील सैनिकांसाठी ‘काँबॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ नावाचे बिल्लावजा चिन्ह सुरू करण्यात आले होते. १९४७ साली सैन्याने असे धोरण ठरविले की, दुसऱ्या महायुद्धात ज्यांना हे चिन्ह किंवा वैद्यकीय दलाचे तत्सम चिन्ह मिळाले, ते सर्वजण ब्रॉन्झ स्टारला पात्र होत.

आता कालक्रम पाहावा. युद्ध १९४५ मध्ये संपले. लक्षावधी सैनिक १९४५-४६ मध्येच सेवामुक्त होऊन आपापल्या गावी परतले. त्यांच्या सेवामुक्तिपत्रावर चिन्हाची नोंद होती. पदकाची नव्हती व असणे शक्यही नव्हते. १९४७ चा निर्णय त्यांना घरोघरी कळविला गेला नाही. पदकासाठी ज्याने त्याने अर्ज करावयाचा होता. शेतीवर, गिरणीत किंवा शाळेत कामाला लागलेल्या माणसाने लष्करी नियमांतील बदलांवर नजर ठेवावी ही अपेक्षा व्यर्थ होती. परिणामी, अनेक माजी सैनिकांना अथवा त्यांच्या मुलांना ही गोष्ट कित्येक दशकांनंतर कळली. हा हक्क सिद्ध करण्यास नवा पुरावा लागत नाही. घरातील पेटीत जपून ठेवलेल्या त्याच जुन्या पत्रातील एका शब्दाचा नवा अर्थ लावावा लागतो, एवढेच. लिहिलेला शब्द तोच राहिला, परंतु ज्या नियमव्यवस्थेत तो वाचावयाचा ती बदलली. शब्दाचे मूल्य व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरते हे भाषाशास्त्राचे मूलतत्त्व येथे व्यवहारात उतरलेले दिसते.

४. लिहिलेले ‘नाही’ आणि जखमेची व्याख्या

याहून बिकट प्रकार ‘पर्पल हार्ट’ या पदकाचा आहे. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांस अथवा मृत्यू पावलेल्यांस ते दिले जाते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८२ साली स्थापन केलेल्या गुणचिन्हाचे पुनरुज्जीवन करून २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, वॉशिंग्टन यांच्या द्विशताब्दीच्या दिवशी, ते सुरू करण्यात आले. यासाठी शौर्याची शिफारस लागत नाही. जखम हाच हक्क. परंतु नियमाने जखमेबरोबर आणखी दोन गोष्टींची अट घातली आहे: जखम वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उपचारांची गरज भासावी इतकी असली पाहिजे, आणि त्या उपचारांची सरकारी दप्तरात नोंद झालेली असली पाहिजे. म्हणजे येथे नोंद ही हक्काचा निव्वळ पुरावा न राहता हक्काच्या व्याख्येचाच भाग बनते. न नोंदलेली जखम शरीराच्या दृष्टीने जखम असली, तरी पदकाच्या दृष्टीने जखम नव्हे.

उदाहरणादाखल एक कल्पित सैनिक घेऊ. १९४४ मध्ये इटलीत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या दंडाला लागतो. तुकडीबरोबरचा मलमपट्टीवाला जागच्या जागी पट्टी बांधतो. रुग्णालयात जाण्याइतकी उसंत नसते, व सोबत्यांना सोडून मागे जाण्याची इच्छाही नसते. १९४५ च्या अखेरीस सेवामुक्ति-केंद्रात लेखनिक त्याचे पत्र टंकलिखित करतो. त्या काळच्या पत्रात ‘लढाया व मोहिमा’, ‘पदके व प्रशस्ती’, ‘लढाईत झालेल्या जखमा’ असे स्वतंत्र रकाने होते. जखमांच्या रकान्यात लेखनिक ‘नाही’ हा शब्द छापतो. मागे शेकडो माणसांची रांग उभी असते, घरी जाण्याची घाई असते. सैनिक सही करून मोकळा होतो.

पदकाचा प्रश्न त्या काळी केवळ मानाचा नव्हता. मे १९४५ मध्ये जाहीर झालेल्या गुणपद्धतीनुसार कोणी आधी घरी जावयाचे हे गुणांवर ठरत असे: सेवेच्या प्रत्येक महिन्यास एक, परदेशातील प्रत्येक महिन्यास आणखी एक, प्रत्येक मोहीमतारा व पर्पल हार्टसह प्रत्येक शौर्य-सन्मान यास पाच, आणि तीन मुलांपर्यंत प्रत्येक मुलास बारा. पंचाऐंशी गुण झाले की माणूस सुटकेस पात्र होई. पाच गुणांची नोंद राहिली तर त्याचा परतीचा दिवस लांबण्याचा संभव असे.

रकान्यातील तो ‘नाही’ पुढे मोठा प्रश्न होऊन बसतो. लेखनिकापुढे जखमेची नोंद नव्हती, म्हणून त्याने ‘नाही’ लिहिले; त्याच्या वाक्याचा खरा अर्थ ‘मजपुढील कागदांत जखम आढळली नाही’ एवढाच होता. वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘जखम झाली नाही’ असा करतो. आढळ नसणे आणि अस्तित्व नसणे या दोन भिन्न विधानांसाठी दप्तराने एकच शब्द वापरला, आणि त्याखाली सैनिकाची सही असल्यामुळे ते विधान त्याच्याच तोंडी घातले गेले.

येथे एक विलक्षण विसंगतीही नमूद केली पाहिजे. माजी सैनिकांना अपंगत्वाचा भत्ता देणारे खाते निराळ्या कायद्याने चालते. त्या कायद्यानुसार, लढाईत भाग घेतलेल्या सैनिकाने आपली दुखापत लढाईत झाली असे सांगितले, आणि ते सांगणे त्याच्या सेवेच्या परिस्थितीशी सुसंगत असले, तर सरकारी नोंद नसतानाही ते पुरेसा पुरावा म्हणून स्वीकारता येते. त्यामुळे एकाच माणसाची एकच जखम भत्त्यासाठी अस्तित्वात आहे आणि पदकासाठी अस्तित्वात नाही, असे होऊ शकते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर एक खाते आप्तवाक्य प्रमाण मानते आणि दुसरे मानीत नाही.

५. दुरुस्ती मंडळे आणि ‘चूक’ व ‘अन्याय’

१९४६ पूर्वी अशा सैनिकापुढे मुख्य मार्ग होता तो आपल्या भागातील प्रतिनिधीस गाठून काँग्रेसमध्ये स्वतःपुरते खाजगी विधेयक मांडून घेण्याचा. एकेका माणसाच्या नोंदीसाठी विधिमंडळाने कायदा करावा ही रीत टिकणे शक्य नव्हते. १९४६ च्या विधिमंडळ-पुनर्रचना कायद्याने अशी विधेयके बंद केली आणि सेनादलांच्या सचिवांना नागरी व्यक्तींच्या मंडळामार्फत दप्तराची दुरुस्ती करण्याचा अधिकार दिला. त्यातून सध्याची दुरुस्ती मंडळे निर्माण झाली. भूदल, नौदल, हवाई दल व तटरक्षक दल यांसाठी ती वेगवेगळी आहेत. मरीन दलाची प्रकरणे नौदलाच्या मंडळाकडे जातात.

या मंडळांना अधिकार देणाऱ्या वाक्यात दोन शब्द आहेत: चूक सुधारणे अथवा अन्याय दूर करणे. कायद्याच्या भाषेत दोन शब्द अकारण येत नाहीत. ‘चूक’ म्हणजे नोंद व वस्तुस्थिती यांतील किंवा नोंद व नियम यांतील विसंगती. ‘अन्याय’ याहून व्यापक आहे. नोंद नियमाला धरून असली तरीही ती तशी राहू देणे न्यायाचे होणार नाही, अशा स्थितीलाही तो शब्द लागू पडतो. पहिल्या शब्दाने मंडळ तपासनीस होते, दुसऱ्याने न्यायकर्ते.

अर्जाची मुदत, चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून तीन वर्षांची आहे. परंतु न्यायाच्या हितासाठी मंडळ ती सोडून देऊ शकते. सैनिक हयात नसेल तर त्याच्या वारसास अर्ज करता येतो. मंडळाकडे येण्यापूर्वी खात्यांतर्गत उपाय संपवावे लागतात. नवा पुरावा मिळाल्यास फेरविचाराची मागणी करता येते, आणि शेवटी संघराज्याच्या न्यायालयातही जाता येते. तथापि न्यायालय स्वतः पदक देत नाही, मंडळाचा निर्णय मनमानी होता किंवा कसे एवढेच पाहते.

निर्णयाची कसोटी अशी: पुराव्याचे पारडे अर्जदाराकडे झुकले पाहिजे, आणि प्रारंभ होतो तो ‘सरकारी कामकाज नियमितपणे पार पडले होते’ या गृहीतकापासून. हे गृहीतक स्वभावतः गैर नाही. ते नसते तर प्रत्येक जुना कागद प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावा लागला असता. परंतु त्यातून निघणारा तर्क काळजीपूर्वक पाहिला पाहिजे: कामकाज नियमित होते, नियमित कामकाजात जखमेची नोंद होते, नोंद नाही, म्हणून जखम नाही. नोंदीचे मौन येथे नकार म्हणून वाचले जाते. हे वाचन केव्हा ग्राह्य आणि केव्हा अग्राह्य, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

६. शून्य आणि अनुपलब्धी

भाषेच्या अभ्यासकास मौनाचा अर्थ लावण्याची सवय असते. ‘एक दगड’ आणि ‘दोन दगड’ यांत अनेकवचनाचा प्रत्यय दिसत नाही. तरीही ‘एक घर, दोन घरे’, ‘एक वाट, दोन वाटा’ अशा जोड्यांच्या आधारे आपण तेथे शून्य प्रत्यय मानतो. पाणिनीने लोप म्हणजे अदर्शन असे सांगितले, व लोप झालेल्या प्रत्ययाची कार्येही होऊ दिली. परंतु शून्याला हा अर्थ येतो तो भोवतालच्या भरलेल्या कोष्टकामुळे. कोष्टकच फाटलेले असेल तर त्यातील रिकामी जागा शून्य प्रत्ययाची की उंदराने कुरतडल्याची, हे सांगता येणार नाही.

भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे ज्ञान होते. प्राभाकरांनी हे प्रमाण स्वीकारले नाही, व नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच अंतर्भूत केले. तो वाद येथे अप्रस्तुत आहे. महत्त्वाची आहे ती अनुपलब्धीला जोडलेली अट. ती अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती असली पाहिजे. भर उजेडात घट दिसला नाही तर तो नाही. काळोख्या खोलीत दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नियमिततेचे गृहीतक म्हणजे वस्तुतः ‘दप्तराच्या खोलीत उजेड होता’ असे गृहीतक आहे.

हा उजेड किती होता, याचे उत्तर सेंट लुई येथील घटनेने मिळते. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर तेथील राष्ट्रीय सेवादप्तर केंद्राच्या सहाव्या मजल्यास आग लागली. तीत एक कोट साठ लाख ते एक कोट ऐंशी लाख संचिका नष्ट झाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ऐंशी टक्के, आणि २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळातील हवाई दलाच्या सुमारे पंचाहत्तर टक्के संचिका त्यांत होत्या. हवाई दलाच्या बाबतीत नुकसान झाले ते वर्णानुक्रमाने ‘हबर्ड, जेम्स ई.’ या नावानंतर येणाऱ्यांचे. म्हणजे आडनावाच्या आद्याक्षराने माणसाचा लेखी भूतकाळ टिकला किंवा जळाला. या संचिकांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, छायाचित्रित फिती नव्हत्या, आणि जळाले काय याची सूचीही नव्हती.

अशी आपत्ती एकट्या अमेरिकेवर आली असे नाही. लंडनमधील युद्धखात्याच्या कोठारावर सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडून पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून अधिक सेवासंचिका जळाल्या. दप्तर हे स्मरणाचे साधन असले तरी ते शेवटी कागदाचेच असते.

तेव्हा आता तीन प्रकारची मौने वेगळी करता येतील. रकान्यात छापलेला ‘नाही’ हे पहिले. नुसता कोरा रकाना हे दुसरे. रकानाच जळालेला असणे हे तिसरे. पहिल्यात कोणीतरी काहीतरी पाहून नकार दिलेला आहे. त्याने काय पाहिले होते हा प्रश्न विचारता येतो. दुसऱ्यात लिहिणाराने पाहिले किंवा नाही हेही निश्चित नाही. तिसऱ्यात लिहिणारा, लिहिलेले व न लिहिलेले सारेच गेले आहे. तिन्हींचा निष्कर्ष ‘दप्तरात पुरावा आढळत नाही’ या एकाच वाक्याने नोंदणे ही भाषेची काटकसर असेल, परंतु न्यायाच्या दृष्टीने ती महाग पडते. भत्त्याच्या दाव्यांपुरते हे ओळखले गेले आहे. माजी सैनिकांची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने १९९१ साली असे सांगितले की, सैनिकाचा दोष नसता दप्तर नष्ट झाले असेल तर आपल्या निष्कर्षांची कारणे स्पष्ट करण्याची व संशयाचा फायदा अर्जदारास द्यावा की नाही हे काळजीपूर्वक पाहण्याची जबाबदारी शासनावर अधिक पडते.

७. इतर कागदांची साक्ष

जळालेल्या संचिकेची जागा भरून काढण्यास जे कागद उपयोगी पडतात त्यांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते: ते बहुतेक निराळ्याच हेतूने लिहिलेले असतात. कंपनीचा दररोज सकाळचा अहवाल, ज्यात कोण हजर, कोण रुग्णालयात, कोण बेपत्ता हे लिहिले जाई. शेवटच्या पगाराची पावती. राज्य सरकारकडे बोनससाठी केलेल्या अर्जास जोडलेली सेवामुक्तिपत्राची प्रत. गावच्या नोंदणी कार्यालयात सैनिकाने स्वतः नोंदवून ठेवलेले पत्र. १९८८ साली दुसरे महायुद्ध व कोरियन युद्ध या काळांतील रुग्णालय-प्रवेशाची सांकेतिक माहिती उपलब्ध झाली. ती रोगांच्या संख्याशास्त्रासाठी जमविलेली होती, आणि तीत माणूस ओळखावयाचा तो नावाने नव्हे तर सेवाक्रमांकाने. जखमी सैनिकास प्रमाणपत्र द्यावे हा तिचा हेतू कधीच नव्हता, आणि म्हणूनच तिची साक्ष निःपक्षपाती ठरते.

शिफारस हरवलेल्या सैनिकास मात्र असा आडवाटेचा कागदही क्वचितच मिळतो. कॅप्टन पॅरिस डेव्हिस हे कृष्णवर्णी अधिकारी जून १९६५ मध्ये व्हिएतनाममधील बाँग सॉनजवळच्या लढाईत स्वतः जखमी असूनही आपल्या सहकाऱ्यांना वाचविण्यासाठी परत परत आगीत गेले. त्यांच्या वरिष्ठांनी ‘मेडल ऑफ ऑनर’साठी केलेली शिफारस सैन्याच्या दप्तरातून नाहीशी झाली, १९६९ च्या चौकशीत संचिका आढळली नाही, नव्याने केलेला प्रयत्नही तसाच विरला. सोबत लढलेल्यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि ३ मार्च २०२३ रोजी, प्रसंगानंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी, त्यांना ते पदक प्रदान झाले. डेव्हिस तो दिवस पाहण्यास हयात होते. पहिल्या महायुद्धातील ३६९ व्या पायदळ रेजिमेंटचे हेन्री जॉन्सन यांच्या वाट्यास ते आले नाही. मे १९१८ मधील त्यांच्या पराक्रमाबद्दल फ्रान्सने त्यांना त्याच वर्षी गौरविले. स्वदेशाने मात्र हयातीत काही दिले नाही. ते १९२९ मध्ये वारले. पर्पल हार्ट १९९६ साली, त्यावरचे ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ २००२ साली आणि मेडल ऑफ ऑनर जून २०१५ मध्ये, अशी त्यांची नोंद मरणोत्तर पुरी होत गेली.

या दोन्ही प्रकरणांतील मौन केवळ आगीचे किंवा घाईचे नव्हते. कोणाविषयीचा कागद जपावा आणि कोणाविषयीचा हरवला तरी चालेल, याविषयीची समाजाची वृत्तीही दप्तरात उतरते. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णी सैनिकास युद्धकाळात मेडल ऑफ ऑनर मिळाले नव्हते. सैन्याने १९९३ मध्ये सुरू करविलेल्या अभ्यासानंतर जानेवारी १९९७ मध्ये सात जणांस ते देण्यात आले, आणि त्यांपैकी एकच त्या वेळी जिवंत होता. येथे एकेक नोंद नव्हे, तर नोंदींचा संपूर्ण संचच एका दिशेने मूक होता. असे मौन एका संचिकेकडे पाहून ओळखता येत नाही; अनेक संचिका शेजारी ठेवल्या म्हणजेच ते दिसते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, न मिळालेल्या पदकाचा अर्ज करणारा वृद्ध सैनिक धातूच्या तुकड्यापेक्षा एका वाक्याची मागणी करीत असतो. ते वाक्य मिळाले नाही तर त्याच्याविषयीचे अखेरचे सरकारी विधान लेखनिकाचा तो ‘नाही’ हेच राहते. सेवामुक्तीस बासष्ट वर्षे झाली म्हणजे अमेरिकेतील ही दप्तरे अभिलेखागाराची होतात व कोणासही पाहावयास मिळतात. तेव्हा उद्याचा संशोधक तो ‘नाही’ वाचणार, आणि त्यास विचारावयास सैनिक नसणार.

यास्तव दोन अपेक्षा कराव्याशा वाटतात. निर्णय देणाराने आपल्यापुढील मौन कोणत्या प्रकारचे आहे हे निर्णयातच लिहावे. ‘जखम नव्हती’, ‘जखमेची नोंद आढळत नाही’ आणि ‘जेथे नोंद असावयाची तो कागद नष्ट झाला आहे’ ही तीन वाक्ये एकमेकांच्या जागी वापरू नयेत. आणि दप्तरांवर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही, मग ती दप्तरे सेंट लुईची असोत की पुण्याची, कोऱ्या जागेवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या खोलीत उजेड होता काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.